किल्ली काढल्यावर जळणारा दिवा

दोस्तांनो, या अंकात कविता पुष्कळ असतील. मला कविता येत नाही. मी आळेफाट्याच्या पुढं रस्त्याकडंला गाड्यांचं वायरिंग करतो. पत्र्याचं शेड, एक टेबल, एक चार्जर, एक मीटर. संपादक म्हणाले, तुमच्या जगण्यातलं लिहा. माझं जगणं बारा व्होल्टचं. तेच लिहितो. ज्याला यात साहित्य दिसणार नाही त्यानं पान उलटावं.

पिकअप कुणाला सांगायला नको. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, फ्लॉवर, कोथिंबीर, सगळं डिझेल पिकअपमध्ये भरतं आणि रात्री माळशेज उतरून कल्याणला, वाशीला जातं. गाडी मालकाची. स्टेअरिंगवर आपल्यातली पोरं पुष्कळ. गाडी पोचली तर माल मालकाचा पोचला. गाडी बंद पडली, माल सडला, तर ते ड्रायव्हरचं काम. आणि गाडी सकाळी सुरू झाली नाही की फाट्यावर कुणीही, चहावाला धरून, एकच सांगतो. बॅटरी गेली.

मी विचारतो, कुणी मोजली?

मोजलेली नसते. दाबून बघितलेली असते. हॉर्न वाजवून बघितलेला असतो. हॉर्न वाजला म्हणजे बॅटरी चांगली, सेल्फ फिरला नाही म्हणजे बॅटरी गेली, अशी दोन्हीकडची साक्ष एकच माणूस देतो आणि वर नवी बॅटरी विकतो. पाच-सहा हजार रुपये. ड्रायव्हरचा अर्धा पगार.

डिझेलचं दुखणं आधी समजून घ्या. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलला ठिणगी नाही. नुसती हवा दाबायची, इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी आणि डिझेल त्यात पडताच पेटावं. पेट्रोल इंजिन हवा साधारण नऊ-दहा पट दाबतं. डिझेल सोळा-अठरा पट, जुनी इंजिनं तर वीसच्याही वर. त्या दाबाच्या विरुद्ध इंजिन फिरवायचं म्हणजे सेल्फला रेड्याची ताकद लागते. थंड इंजिनावर तो तीनशे अँपिअरच्या वर ओढतो. त्याच्या आधी हीटर प्लगनं आपलं खाल्लेलं असतंच. म्हणून जी बॅटरी पेट्रोलच्या गाडीत अजून एक हिवाळा निभावली असती, ती डिझेलमध्ये डिसेंबरात उघडी पडते. आणि म्हणूनच दुसऱ्या कुणाचंही पाप डिझेलमध्ये बॅटरीच्या नावावर खपतं.

तीन हिवाळ्यांमागं आमच्या वस्तीतलं एक पोरगं अंधार पडल्यावर शेडवर आलं. नाव लिहीत नाही. त्याला अजून त्याच रस्त्यावर गाडी चालवायचीय.

"दादा, माझ्यावर बॅटरीचोरीचा आळ आलाय."

मालकानं उन्हाळ्यात बॅटरी बदलली होती. ती पावसाळ्यात बसली. पुन्हा नवी टाकली. ती दिवाळीनंतर बसायला लागली. ज्या गॅरेजवाल्यानं दोन्ही विकल्या तो मालकाला म्हणाला, नवी बॅटरी अशी बसत नसती शेठ, कुणीतरी काढून जुनी घातली असंल. कुणीतरी म्हणजे कोण? गाडी रात्री ज्याच्या ताब्यात असते तो. मालक पोराला म्हणाला, तुम्हा लोकांच्या हातात नवी वस्तू द्यायची सोय नाही. 'तुम्हा लोकांच्या' म्हणजे काय, याची फोड या पानांच्या वाचकांना करून सांगायला नको. पगारातून दर महिन्याला हजार रुपये कापायचं ठरलं. बॅटरी फिटेपर्यंत.

मी म्हणालो, "बस. रडू नको. बॅटरी बसते कधी ते सांग."

"रोज चालली तर कसंबसं घेती. बाजार बंद ऱ्हायला, दोन राती गाडी हुभी ऱ्हायली, की तिसऱ्या दिशी टक टक टक."

"आणखी?"

त्यानं जरा विचार केला. "लाल दिवा. बॅटरीचा. किल्ली काढली तरी बारीक जळत ऱ्हातो. दिवसा न्हाई दिसत. अंधारात दिसतो. गॅरेजवाल्याला सांगितलं तर हसला. म्हन्ला, किल्ली काढल्यावर दिवा कसा जळंल, झोप काढत जा."

दोस्तांनो, या एका वाक्यात सगळा आजार होता. त्या पोरानं डोळ्यानं बघितला होता, तोंडानं सांगितला होता. पण सांगणारा ड्रायव्हर. त्याचं निदान कोण ऐकतो?

मला याचं नवल वाटलं नाही. मी चौदाव्या वर्षी ज्या गॅरेजात लागलो तिथं मीटर कपाटात असायचा. सहा वर्षं मला त्याला हात लावू दिला नाही. मीटर बिघडेल म्हणायचे. गाडीखाली घालायचे, जॅक धरायला लावायचे, बॅटरीत अ‍ॅसिड भरायला लावायचे. बोटांची सालं निघाली. बोटं बिघडली तरी चालत होतं, मीटर बिघडायला नको. मी बल्बला दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प केला आणि त्याच्यावर शिकलो. आज तो मीटर चार-पाचशे रुपयांना बाजारात मिळतो आणि तरीही आपल्या दहा ड्रायव्हरांत एकाकडं नसतो. कपाट गेलं, कुलूप डोक्यात राहिलं.

मालकानं गाडी माझ्याकडं पाठवली. माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही. तिसरी बॅटरी घ्यायची त्याचीही तयारी नव्हती.

पहिलं काम मी पोराला करायला लावलं. बॅटरीवर नंबर असतो, तो पुसून काढ. वॉरंटी कार्डावर नंबर असतो, तो वाच. दोन्ही एकच निघाले. म्हणजे जी मालकानं विकत घेतली तीच बॅटरी गाडीत होती. चोरीचा आळ घालणाऱ्या तिघा शहाण्या माणसांपैकी एकानंही हे दोन नंबर शेजारी ठेवले नव्हते. पण तेवढ्यानं गाडी सुरू होत नाही. नंबर जुळला तरी मालक म्हणणार, मग रात्री टेप लावून बसत असशील. म्हणून शेवटपर्यंत जायचं ठरवलं.

बॅटरी काढली. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर पाना लाल होतो. रात्रभर बारीक चार्जिंगला लावली, झाकणं सैल करून. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीजवळ बिडी ओढू नका. त्यातून हायड्रोजन निघतो, ठिणगीनं बॅटरी तोंडावर फुटते. सकाळी हायड्रोमीटर घातला. सहा कप्पे असतात, प्रत्येकाचं अ‍ॅसिड वेगळं मोजायचं. भरलेल्या बॅटरीत काटा १.२५० ते १.२८० च्या दरम्यान पाहिजे. पाच कप्पे बरोबर आणि एक पन्नास पॉइंटनं खाली असेल तर तो कप्पा मेला, बॅटरी खरंच गेली. इथं सहाही कप्पे सारखे. तीन-चार तास नुसती ठेवून मीटर लावला. १२.६. चार्जिंगवरून काढल्या काढल्या मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर रिकामी होत आलेली. या अर्ध्या व्होल्टात सगळं आहे. ज्याचा मीटर नुसता बारा दाखवतो, पुढचा दशांश दाखवत नाही, त्याचा उपयोग नाही.

बॅटरी चांगली होती. वारंवार बसवून बसवून तिचं आयुष्य कमी केलं होतं, पण ती मेली नव्हती.

गाडीत बसवली. पोरगं सेल्फ मारत होतं, मी बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरला. सेल्फ फिरताना १०.४. साडेनऊच्या वर टिकली म्हणजे पास. इंजिन आणि बॅटरीचं मायनस यांच्यामध्येही सेल्फ मारताना मोजलं. तिथं पाव व्होल्टच्या आत पाहिजे, होतं. हे मोजणं कुणी करत नाही आणि पुष्कळ बॅटऱ्या इथंच फुकट मरतात. दुसऱ्या एका गाडीत डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्यानं अर्थिंगच्या पट्टीखाली रंग मारला होता. एक पॉइंट शून्य एक ओहमचा अडथळा. दिव्याला तो कळतही नाही. पण सेल्फ तीनशे अँपिअर ओढतो, तेव्हा तीनशे गुणिले पॉइंट शून्य एक म्हणजे तीन व्होल्ट तिथंच खाल्ले जातात. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि सेल्फ नुसता कण्हतो. पॉलिश पेपर मारला, नट आवळला, झालं. एक रुपया नाही.

आपल्या पिकअपची गोष्ट तिकडं नव्हती. इंजिन चालू केलं. चालू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. तिथं १३.२. हेडलाइट लावले तर १२.७. म्हणजे रात्रभर लाइट लावून घाट उतरणारी गाडी बॅटरीतून खात होती, बॅटरी भरत नव्हती. मग मीटर एसीवर टाकला आणि तिथंच धरला. बॅटरीवर एसी जवळजवळ नसावा, अर्ध्या व्होल्टच्या आत. तो एकच्या वर दाखवायला लागला.

आता हे जरा नीट वाचा. आपण ज्याला डायनामो म्हणतो तो डायनामो नाही, अल्टरनेटर आहे. डायनामो जुन्या गाड्यांना असायचा, तो गेला, शब्द राहिला. अल्टरनेटर एसी तयार करतो, बॅटरीला डीसी लागतो. मध्ये सहा डायोड बसवलेले असतात. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. करंट बॅटरीकडं जाऊ शकतो, परत येऊ शकत नाही. यातलं एक दार मोडलं तर दोन गोष्टी होतात. चालू गाडीत चार्जिंग कमी होतं. आणि बंद गाडीत बॅटरीतला करंट त्या मोडक्या दारातून उलटा आत शिरतो, फिरत्या भागाच्या कॉइलला लोहचुंबक करून बसतो, आणि जाता जाता दिव्याच्या वायरीतून लाल दिवा बारीक पेटवतो. किल्ली काढली तरी.

किल्ली काढून मी खिशात घातली. पोराच्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला आणि म्हणालो, अल्टरनेटरच्या पुलीच्या नटाजवळ धर. टक्कन चिकटला. गाडी बंद, किल्ली माझ्या खिशात, आणि लोखंड लोखंडाला चिकटतंय. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी म्हणालो, हा तुझा चोर.

मग हिशोब. मायनसची वायर सोडून मध्ये मीटर घातला, दहा अँपिअरच्या भोकात पिन घालून. असा मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. बंद गाडीत ०.०५ अँपिअरच्या वर काही जाता कामा नये. नव्या गाड्यांत कंप्युटर असतो, त्याला झोपायला वीस-तीस मिनिटं द्या आणि मग बघा. इथं २.८. फ्यूज एकेक काढला, आकडा हलला नाही. अल्टरनेटरची जाड वायर सोडली आणि मोजलं. ०.०२. आता गुणा. संध्याकाळी सातला उभी केलेली गाडी पहाटे चारला सुरू करायची. नऊ तास गुणिले २.८, पंचवीस अँपिअर-अवर एका रात्रीत. दोन रात्री आणि मधला दिवस म्हणजे तेहेतीस तास, ब्याण्णव अँपिअर-अवर. बॅटरीच पंचाहत्तरची. कुणी विकायला नको, कुणी टेप लावायला नको.

अल्टरनेटर खोलला तर आत तेल. याच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप असतो, त्याला इंजिनाचं ऑइल जातं. सील गेलं की ते ऑइल अल्टरनेटरमध्ये उतरतं, कार्बनची भुकटी त्यात कालवली जाते, काळा चिखल होतो. डायोड प्लेट, कार्बन, सील, मजुरी. सगळं मिळून नव्या बॅटरीच्या निम्म्यातही नाही. त्यानंतर चालू गाडीत लाइट लावून १४.१. बंद गाडीत ०.०२. दिवा विझला तो विझलाच.

सगळे आकडे मी कागदावर मराठीत लिहिले. आधी इतके, नंतर इतके, दोन्ही नंबर जुळतात, आणि खाली सही. मोडकी डायोड प्लेट पिशवीत घालून दिली. पोरगं मालकाकडं गेलं. मालकानं कागद वाचला, प्लेट हातात घेऊन बघितली, म्हणाला बरं. पुढचे हजार कापायचे थांबले. आधी कापलेले दोन हजार परत आले नाहीत. गॅरेजवाल्याला कुणी काही विचारलं नाही. माफी वगैरे शब्द आमच्या फाट्यावर अजून पोचलेले नाहीत.

या व्हॅक्यूम पंपाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं जीव जातो. पुष्कळ डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम याच पंपातून येतो आणि पंप फिरतो अल्टरनेटरच्या बेल्टवर. म्हणजे बेल्ट तुटला तर चार्जिंगही गेलं आणि ब्रेकचा जोरही गेला. दोन-तीनदा पाय मारेपर्यंत साठलेला व्हॅक्यूम पुरतो, मग पेडल दगड होतं. ब्रेक लागतो, पण दोन्ही पायांनी उभं राहावं लागतं. दीड टन माल, माळशेजचा उतार, धुकं. चालत्या गाडीत लाल दिवा लागला तर पोरं म्हणतात, पोचल्यावर बघू, बॅटरी तर नवीय. नाही. आधी बेल्ट बघा. आणि किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू व्हायच्या आधी, तो दिवा लागतो का तेही रोज बघा. लागला नाही तर बल्ब उडालाय. मग दुखणं आलं तरी कळणार नाही, आणि पुष्कळ अल्टरनेटर त्या बल्बमधून येणाऱ्या करंटशिवाय चार्जिंगच सुरू करत नाहीत.

जुने मिस्त्री चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून बघतात. इंजिन चालू राहिलं तर डायनामो चांगला. हे शिकू नका, कितीही मोठा उस्ताद सांगो. बॅटरी सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणात उसळतं. डायोड उडतात, नव्या गाडीत कंप्युटर उडतो. त्याची किंमत ड्रायव्हरला झेपणारी नसते.

कार्यकर्त्यांना एक सांगायचंय, रागावू नका. दरवर्षी १४ एप्रिलला मध्यरात्रीनंतर मला दोन-तीन फोन येतात. मिरवणुकीत पिकअप बंद पडली. पिकअपवर इन्व्हर्टर, त्यावर हजार वॅटचा अँप्लिफायर, इंजिन कासवाच्या चालीनं चालू. हजार भागिले बारा करा. त्र्याऐंशी अँपिअर. या गाडीचा अल्टरनेटर कासवाच्या चालीत त्याच्या निम्मे देतो. उरलेले बॅटरीतून. दोन तासांत मिरवणूक ढकलत न्यावी लागते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांच्या मजूर खात्यात देशाच्या विजेच्या धोरणाचं काम चालत होतं. त्यांच्या जयंतीला आपल्याला वॅट भागिले व्होल्ट येऊ नये, हे मला बोचतं. वेगळा जनरेटर आणा. नाहीतर आवाज कमी करा, माझ्या म्हाताऱ्या आईलाही बरं वाटेल.

मेलेली बॅटरी भंगारात देताना कुणाला देता तेही बघा. विक्रेत्यानं जुनी परत घ्यायची हा नियम २००१ मध्ये आला, २०२२ मध्ये नवे नियम आले. तरी काही ठिकाणी ती हातानं फोडतात, अ‍ॅसिड गटारात ओततात, शिसं चुलीवर वितळवतात. शिशाचा धूर पोरांच्या मेंदूत जातो आणि परत निघत नाही. ही चूल बंगल्याच्या मागं नसते. ती आपल्याच वस्तीच्या कडेला असते, आणि फोडणाराही आपलाच असतो.

त्या पोरानं पुढच्या पगाराला मीटर घेतला. गाडीच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या खाली ठेवतो. गेल्या पावसात रात्री अडीचला त्याचा फोन आला. मढच्या पुढं थांबला होता, मागं टोमॅटो.

"दादा, लाइट लावून तेरा पॉइंट एक दाखवतंय. घाट उतरू का?"

"बेल्ट बघ."

टॉर्च लावून बघितला. "ढिला झालाय."

"चौदाचा पाना हाय का?"

"हाय."

"मग आवळ. आणि आकडा सांग."